दोन गाड्यांमधल्या पेट्या

नाना, आज सकाळी मी अगदी तुमच्यासारखं खोटं बोलले. शेजारची सून विरजण मागायला आली होती. मी मागच्या ओट्यावर पाय पसरून बसलेली, मांडीत लाकडी पेटी, हातात कानस, पदर कमरेला खोचलेला आणि साडीभर भुसा. साठीची बाई असल्या थाटात बसलेली तिनं पहिल्यांदाच पाहिली असावी. ती म्हणाली, "काकू, असं एक बनवायला किती टाइम लागतो हो?" आणि मी मान वर न करता सांगून मोकळी झाले, "काही न्हाई गं, दोन-तीन दिवस." आतल्या खोलीत हे पेपर वाचत होते, ते मोठ्यांदा खाकरले. पेटी मी दसऱ्याला हातात घेतली आणि आता होळी होऊन गेली. सून विरजण घेऊन गेल्यावर मला एकटीलाच हसू फुटलं, कारण हे वाक्य मुळी माझं नाहीच. दोन-तीन दिवस हे तुमचं वाक्य. परतूरच्या अलीकडच्या आपल्या त्या एवढ्याशा स्टेशनात जो कुणी उतरायचा, तो तुमच्या मांडीवरची पेटी बघून हेच विचारायचा आणि तुम्ही सगळ्यांना हेच सांगायचात. स्टेशनमास्तर माणूस, गाडी तीन मिनिटं उशिरा आली तर रजिस्टरात तीनच लिहिणार, चार नाही की दोन नाही. आणि पेटीची गोष्ट निघाली की चार महिन्यांचे दोन-तीन दिवस करून टाकणार.

ही पेटी मला भाच्यानं आणून दिली. तो इथं जालन्यात बियाण्याच्या कंपनीत आहे. कुणी परदेशी पाहुणा आला होता, त्यानं सिगार संपवून पेटी टेबलावर टाकून दिली. भाच्याला मामीचा नाद माहीत, त्यानं ती रुमालात बांधून आणली. मी झाकण उघडलं, तंबाखूचा आणि सुक्या लाकडाचा तो वास आला, आणि मी तडक जाऊन पोचले मालगाडीच्या गार्डसाहेबापाशी. तुम्हाला तो आठवणारच. सिकंदराबादचा, अर्धा गोरा अर्धा आपला, टोपी मागं सरकवलेली. लाईन क्लिअर मिळेना म्हणून त्याची मालगाडी दोन-दोन तास आपल्याकडं पडून राहायची. एकदा त्यानं चिरूटाची रिकामी पेटी रुळात भिरकावली आणि तुम्ही ती उचललीत, तिकिटं ठेवायला बरी म्हणून. तो म्हणाला, "मास्टर, इसमें टिकट कायकू रखते? इसका गिटार बनता जी." तुम्ही जन्मात गिटार पाहिलं नव्हतं. मग त्यानं खडू घेतला, फलाटाच्या फरशीवर मांडी घालून बसला आणि अख्खं गिटार काढून दाखवलं, असतं तेवढंच्या तेवढं. पेटी, दांडी, खुंट्या, तारा. तुम्ही कागद आणायला आत गेलात आणि तेवढ्यात हमालानं सरकीचं पोतं ओढत त्या चित्रावरून नेलं. पेटी राहिली, खुंट्या राहिल्या, मधली दांडी पुसली गेली. नेमकी तेव्हाच गाडीला लाईन मिळाली, गार्डसाहेब हात हलवत निघून गेला, आणि पुढं त्याची बदली झाली का काय, तो परत आपल्या लाईनवर आलाच नाही. दांडी किती लांब ठेवायची हे सांगणारं मग कुणी उरलं नाही. तुमचं पुढचं सगळं आयुष्य त्या सरकीच्या पोत्यानं ठरवलं असं मला वाटतं.

दुपारचे तुम्ही मला दिसता. मनमाडकडची सकाळची गाडी गेली आहे, हैदराबादकडची यायला अजून चार तास आहेत, आणि तुम्ही कोट खुंटीला लावून क्वार्टरच्या ओसरीत बसला आहात. पेटीवरचा छापील कागद ओल्या फडक्यानं भिजवताय. तो फाडायचा नाही, आपण होऊन सुटू द्यायचा. त्यात तीन दिवस जातात. दांडी मोडक्या वखराच्या रुमण्याची, म्हणजे मुठीच्या लाकडाची, ती काचेच्या तुकड्यानं तासताय, तासून डोळ्याशी धरताय, परत तासताय. त्यात पंधरा दिवस. दांडीवर बोटं ठेवायचे पडदे सायकलच्या स्पोकचे, तार टेकवायची घोडी करवंटीची, तार सायकलच्या ब्रेकमधून उसवलेली. आणि हे सगळं चिकटवायला चिंचोक्याची खळ, कारण सरस आपल्या घरात चालायचा नाही. एकदा तुम्ही आणला होता. आईनं पातेल्यात डोकावून विचारलं, "हे काय शिजवून राह्यलात माझ्या चुलीवर?" तुम्ही खरं सांगितलंत, की हाडा-कातड्याचा असतो, लाकूड धरून ठेवतो. ते पातेलं त्या दिवशी स्टेशनच्या कुंपणापलीकडं गेलं आणि परत आलं नाही. मग आपण चिंचोके भाजले, भिजवले, सोलले, पाट्यावर वाटले, आटवले. दोन दिवसांत खळ तयार. फक्त पावसाळ्यात हवा दमट झाली की पेटी शांतपणे उघडून चार फळ्या होऊन पडायची आणि मुंग्या खळ खाऊन जायच्या. तुम्ही म्हणायचात, "बरं झालं, तसंही खोलायचीच होती."

कारण तुम्ही खोलायचातच. चार महिने लावून पेटी उभी राहिली, तार चढली, की तुम्ही एकदा छेडायचात, कान लाकडाला लावून ऐकायचात, आणि पाच मिनिटांत निकाल. "बात बनली न्हाई." मग परत सगळं सुटं, दांडी बोटभर कापा नाहीतर नवी करा. आई आतून म्हणायची, "रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी." तुम्ही म्हणायचात, "जल्दी का काम शैतान का." दोघंही एकमेकांना उत्तर देताय असं वाटायचं, पण दोघंही आपापल्याशीच बोलायचात. एक गाणं म्हणून तुम्हाला वाजवता यायचं नाही, आणि शिकावं असं तुमच्या मनातही आलं नाही. एकच माणूस होता ज्याच्यापुढं तुम्ही पेटी भीतभीत धरायचात, तो म्हातारा गोंधळी. नवरात्राच्या आधी तो गाडीनं उतरायचा, पाणी प्यायचा, पेटी मांडीवर घ्यायचा. त्याची बोटं तारेवर पडली की ओसरीतली चिमणीसुद्धा उडायची नाही. एका वर्षी तो बराच वेळ ऐकून म्हणाला, "मास्तर, आवाज हाय. गळा न्हाई." तुम्ही आठ दिवस हवेत होतात. आवाज हाय म्हणला तो, आवाज हाय, असं तुम्ही पॉइंट्समनला सांगितलंत, पाणीवाल्याला सांगितलंत, मला तर रोज सांगितलंत.

आता त्या वर्षाचं लिहिते, निजामाचं राज्य जायच्या चार-पाच वर्षं आधीचं. मला सोळावं संपत होतं आणि आईला दुसरं काही सुचत नव्हतं. जालन्याचं एक स्थळ आलं. मोठी अडत, दोन मजली घर, माणसं तालेवार. मध्यस्थानं मुलाचं नाव सांगितलं, आणि ते नाव मी आपल्या फलाटावर ऐकलेलं होतं, माणूसही पाहिलेला होता. मागच्या उन्हाळ्यात तो आपल्या फलाटावर गाडीची वाट बघत होता. आपला पाणीवाला, तो वाकलेला म्हातारा, त्याला लोट्यानं पाणी द्यायला गेला. पाणी कोमट होतं. ऊन असं की विहीरसुद्धा कोमट होती. त्यानं घोट घेतला आणि म्हाताऱ्याच्या थोबाडीत मारली. रागानं लाल होऊन नाही हो, अंगावरची माशी हाकलावी तसं. मी क्वार्टरच्या खिडकीतून बघत होते. म्हाताऱ्यानं पडलेला लोटा उचलला आणि पुढच्या माणसाला पाणी वाढायला गेला. त्याच माणसाबरोबर मला जन्म काढायचा होता.

मी आईला सांगितलं. ती पीठ मळत होती. तिनं हात थांबवला आणि म्हणाली, "पुरुषाला राग असतोच, पोरी. लग्न झालं की उतरतो." मग मी तुमच्याकडं आले. तुम्ही ओसरीत होतात. पेटीच्या कडेला खळ लावून दोन्ही तळहातांनी फळ्या दाबून धरल्या होत्या आणि ओठ मिटून आकडे मोजत होतात. मी म्हणाले, "नाना, मला तुम्हाला काही सांगायचंय." तुम्ही एक बोट वर केलंत. थांब, खळ धरू दे. मी थांबले. तुम्ही दाबून धरलंय, मी उभी आहे, आकडे चालू आहेत. मग मालगाडीची घंटा झाली, तुम्ही पेटीवर दगड ठेवलात, कोट अंगात घालत पळालात, आणि जाता जाता म्हणालात, "आल्यावर सांग." तुम्ही परत आलात तेव्हा माझी सांगायची हिंमत गेली होती. मला तेव्हा किती राग आला होता ते तुम्हाला कधी कळलं नाही. चार महिने पेटीला आणि पोरीच्या एका वाक्याला एक बोट, असं मी रडत रडत माठाला सांगितलं, कारण ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

बघायला यायच्या आदल्या दिवशी आईनं तुमच्याकडून शब्द घेतला. पाहुणे गाडीत बसून जाईपर्यंत एक पेटी, एक खुंटी, एक तार डोळ्याला दिसता कामा नये. "ती माणसं तसली न्हाईत. त्यांना हे तुणतुण्यासारखं दिसंल." तुम्ही म्हणालात, "बिलकुल दिसणार न्हाई." आणि सगळं सामान आतल्या खोलीत नेलंत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तिघं उतरले, मुलगा, त्याचे वडील आणि चुलते. बैठकीला सतरंजी, तक्के, पोहे, सगळं बराबर. मला वाचायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला, चालून दाखवायला लावलं. चुलत्यांचं समाधान झालेलं दिसलं. त्यांनी पानाचा डबा बाजूला ठेवायला मागं न बघताच कोनाड्यात हात घातला आणि तिथून मोठ्यानं टँऽव असा आवाज आला. पेटी तिथं होती. ती तिथं कशी आली ते मी सांगणार आहे, पण मला अजून थोडा वेळ द्या. आधी तुमचा चेहरा सांगू द्या.

तुम्ही घाबरायला हवं होतं. आई घाबरली. आणि तुम्ही मात्र तो आवाज ऐकून असे काही उजळलात की काय सांगू. तुमच्या कानानं त्यात काहीतरी चांगलं ऐकलं होतं. चुलत्यांनी पेटी दोन बोटांत धरून विचारलं, "हे काय हाय?" तुम्ही म्हणालात, "गिटार." त्यांनी विचारलं, "कुणी केलं?" "मीच." मग ते छद्मीपणानं म्हणाले, "छान. किती दिवस लागले म्हणे ह्याला?" आणि नाना, साऱ्या दुनियेला दोन-तीन दिवस सांगणारे तुम्ही, त्या दिवशी खरं बोललात. "चार महिने. दांडी दोनदा बसवावी लागली, न्हाईतर तीनमध्ये झालं असतं. पण दांडीचंच कोडं सुटून न्हाई राह्यलं. बघा ना, इथं बोट ठेवलं की..." आणि तुम्ही पुढं सरकून त्यांना पडदे समजावून द्यायला लागलात. मुलाच्या वडलांनी पोह्याची ताटली खाली ठेवली. म्हणाले, "मास्तर, तुणतुणं आम्ही तमाशाच्या कनातीत ऐकतो, व्याह्याच्या घरात न्हाई." आणि तिघं उठले.

उठले खरे, पण जाणार कुठं? गाडी चार तासांनी होती. ह्याचा विचार त्यांनी केलेला नव्हता. त्यामुळं आपलं घर नाकारून ती तालेवार माणसं आपल्याच फलाटावरच्या बाकावर, ज्याला दुपारी सावली नसते त्या बाकावर, चार तास बसून राहिली. आणि तुम्ही स्टेशनमास्तर. तुम्ही कोट घालून, बटणं लावून, दर तासाला जाऊन सांगत होतात की गाडी वेळेवर आहे. मी खिडकीतून बघत होते. आपला पाणीवाला लोटा घेऊन त्यांच्यापुढं गेला. पाणी कोमटच असणार. तो मुलगा एक शब्द न बोलता दोन लोटे प्यायला. मी आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसले, आणि मग आईचा आवाज ऐकून हसू थांबलं.

ती तुम्हाला ओरडत नव्हती, तेच वाईट होतं. ती म्हणाली, "तुम्ही शब्द दिल्ता." तुम्ही म्हणालात, "मी आत ठेवल्ती." ती म्हणाली, "मंग ती चालत आली का?" तुम्ही आतल्या खोलीत गेलात, पोत्यामागं बघितलंत, बाकीच्या सामानाला हात लावून बघितलंत आणि बाहेर येऊन उभे राहिलात. तुमच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "इसरलो असंन मी." त्या संध्याकाळी तुम्ही सगळी हत्यारं, पेट्या, तारा एका गोणपाटात बांधून माळ्यावर टाकलीत. आई म्हणाली नव्हती तसं करा म्हणून.

पेट्या गेल्या ते एक वेळ मी सहन केलं असतं. पण तुम्ही तुमच्या डोक्यावरचा भरवसाच सोडलात. गाडी पुढं न्यायची परवानगी म्हणून द्यायचा तो लाईन क्लिअरचा गोळा ड्रायव्हरला देऊन आलात तरी परत येऊन विचारायचात, "दिला ना रे मी?" रुळांचा सांधा बदलल्यावर पॉइंट्समनला परत बघायला पाठवायचात, आणि तो आला की स्वतः जाऊन बघायचात. पाटीवर खडूनं लिहून ठेवायला लागलात, दिवा लावला, कुलूप लावलं. पॉइंट्समन एकदा आईला म्हणाला, "बाई, मास्तरांना काय झालंय? एक काम तीनदा बघून राह्यलेत." आईनं कपाळाला हात लावला. मी तिथंच तांदूळ निवडत होते. तेव्हा बोलायला हवं होतं मी. पण मध्यस्थ अजून खेपा घालत होता, पेट्या जाळल्या असं कळवा, मी जमवून देतो म्हणत होता, आणि मी तोंड उघडलं असतं तर आईनं मला हाताला धरून जालन्याला नेऊन बसवलं असतं. मग वैशाखात त्या मुलाचं लग्न दुसरीकडं झाल्याचं कळलं. भीती गेली, पण तोवर गप्प बसून इतके महिने झाले होते की त्या महिन्यांचीच लाज वाटायला लागली.

मग मला जे सुचलं ते मी केलं. गोणपाट खाली ओढलं, ओसरीत तुमच्या जागेवर बसले आणि पेटी करायला घेतली. मला काही येत नव्हतं. विळीनं दांडी तासली, बोट कापून घेतलं, घोडी उलटी बसवली, खळ इतकी पातळ केली की ती ओघळून लुगड्यावर आली. तुम्ही दोन गाड्यांच्या मधे घरी यायचात आणि माझ्याकडं पाठ करून बसायचात. पहिले दोन दिवस पाठ तशीच. तिसऱ्या दिवशी तुमची मान थोडी वळली. पाचव्या दिवशी मी कानस घेऊन पडद्यावर घासायला लागले आणि तुमच्याच्यानं राहवलं नाही. "अगं अगं, उलटी धरून राह्यलीस कानस. दात मोडतील ना तिचे. आण इकडं." तुम्ही माझ्या शेजारी बसलात. माझ्या हातावर हात ठेवून कानस पुढं ढकललीत आणि मागं आणताना उचललीत. "जाताना काम, येताना आराम. असं. जल्दी करू नको." आई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "एक होतं, आता दोन झाले." पण त्या उन्हाळ्यात चिंच फोडली तेव्हा चिंचोके तिनं आपण होऊन वेगळ्या मडक्यात भरून ठेवले, हे तुम्ही पाहिलं होतं का? मी पाहिलं होतं.

पुढं मी शिकले, मास्तरीण झाले, बदनापूरच्या पोस्टातल्या माणसाशी लग्न झालं. सासरी जाताना तुम्ही मला ती कानस दिलीत, फडक्यात गुंडाळून. आईला वाटलं दागिना आहे. ह्यांचा स्वभाव गरीब, पाणी कोमट असलं तर स्वतः उठून माठातलं घेतात. मुलं, शाळा, बदल्या ह्यात पेटीला हात लागला नाही, पण रिटायर झाल्यापासून ही माझी सहावी आहे. दांडीचं कोडं मला सुटलं म्हणाल तर तसंही नाही. गिटार मी मधल्या काळात खरंखुरं पाहिलं, एका लग्नात वाजवत होते. विचारलं असतं तर दांडीची लांबी मोजता आली असती. मी मुद्दामच विचारलं नाही.

तुम्हाला हे सगळं आजच का लिहायला बसले ते सांगते. परवा माझी छोटी करवत सापडेना. मी ओट्यावर ठेवली होती, मला पक्कं आठवत होतं. ओटा बघितला, फडताळ बघितलं, तांदळाचा डबासुद्धा बघितला. हे म्हणाले, "विसरायला लागलीस तू आता." सहज म्हणाले, थट्टेत. पण मी पुरती हादरले. मला वाटलं, करवत विसरले तर आणखी काय काय विसरले असेन, गॅस बंद केला का, नातवंडाला खरंच दूध दिलं का. संध्याकाळी शेजारचा मुलगा करवत परत घेऊन आला. ह्यांनीच त्याला दिली होती आणि मला सांगायचं राहिलं होतं. मी ह्यांच्यावर इतकी ओरडले की तो मुलगा करवत टाकून पळाला. ह्यांना कळेना की एवढं काय झालं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी स्वतःला वेडी समजत होते, नाना, एवढं झालं होतं. आणि तुम्हाला तसं मी किती वर्षं ठेवलं. पेट्या परत सुरू झाल्या तरी सांधा तीनदा बघायची तुमची सवय रिटायर होईपर्यंत गेली नाही.

पत्र पोस्टात टाकायचा प्रश्न नाही. हे जन्मभर पोस्टात होते, ते वाचल्याशिवायच शिक्का मारतील, पत्ता अपुरा. पण तुम्ही मला एकदा तोंडावर विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर माझ्याकडं बाकी आहे. शेवटच्या दुखण्यात तुम्ही जालन्याला माझ्याकडं होतात. दुपार होती, मी पेज भरवत होते. तुम्ही चमचा हातानं बाजूला केलात आणि म्हणालात, "पोरी, एक विचारायचं राह्यलंय. त्या दिवशी ती पेटी मी आत ठेवल्ती का न्हाई? मला तर ठेवल्याचं दिसतं. ज्वारीच्या पोत्यामागं. वर सूप झाकल्तं. मंग ती बाहेर कशी आली, ते कळून न्हाई राह्यलं." मी म्हणाले, "आता काय त्याचं, नाना. पेज घ्या." आणि तुम्ही लहान मुलासारखं तोंड उघडलंत.

ठेवली होती, नाना. ज्वारीच्या पोत्यामागं, वर सूप झाकून, बराबर तुम्ही म्हणालात तशी. तुम्ही मालगाडी बघायला गेलात आणि आई पोह्यांवर खोबरं घालत होती, तेव्हा मी सूप उचललं. त्या मुलाची भीती होती म्हणून उचललं, आणि तुमच्या त्या एका बोटाचा राग होता म्हणूनही उचललं. तुम्ही काही विसरला नव्हता.